टाक्यांची चौकशी

शून्य दिसलं की महेजबीनच्या कपाळावर आठी चढायची. तिचे विद्यार्थी मागून म्हणत, मॅडमला कोणाचं भलं झालेलं बघवत नाही. तसं काही नव्हतं. अकोल्यात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना आरोग्याची आकडेवारी शिकवण्यात अर्धं आयुष्य गेल्यावर तिला एवढंच पटलं होतं, की माणसांच्या जगात कुठलीही वाईट गोष्ट एकदम शून्यावर येत नाही. आलीच, तर एक तर चमत्कार झालेला असतो, नाही तर कोणीतरी नीट पाहायचं थांबलेलं असतं. चमत्कार तिने अजून एकही पाहिला नव्हता.

आणि आता तिच्या टेबलावर शून्याची फाइल येऊन पडली होती.

एका धर्मादाय संस्थेचे वऱ्हाडात ठिकठिकाणी दवाखाने आहेत. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक तिलाच शिव्या घालतील आणि बाकीचे अलगद सुटतील. ही संस्था दरवर्षी आपल्या दवाखान्यांकडून सुधारणेचे प्रकल्प मागवते, बाहेरचे परीक्षक नेमते आणि जो पहिला येईल त्याची पद्धत आपल्या सगळ्या दवाखान्यांत लागू करते. यंदा परीक्षकांत महेजबीन होती, आणि पहिलं कोण येणार हे फाइल उघडायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. अमरावतीच्या दवाखान्याच्या डॉक्टर रागिणी.

सिझेरियन झालेल्या बाईला आठव्या दिवशी टाके दाखवायला परत बोलावतात, ते रागिणीने बंद केलं होतं. विरघळणारे टाके घालायचे, बाईला घरी पाठवायचं, आणि आठव्या दिवशी एकदा व तीन आठवड्यांनी एकदा फोन करून विचारायचं. पूर्वी शंभरातल्या आठ-दहा बायकांचे टाके पिकायचे. नव्या पद्धतीत वर्षभर एकीचेही पिकले नव्हते. आलेखातली रेघ घसरगुंडीवरून पोर उतरावं तशी सुरकन खाली आली होती.

परीक्षकांना ठरलेले प्रश्न दिलेले होते. ध्येय ठरवलं होतं का? मोजमाप नेमाने झालं का? आलेख काढला का? बदल टिकला का? महेजबीनने प्रत्येकापुढे ‘हो’ लिहिलं आणि स्वतःवरच चिडली, कारण सगळी उत्तरं बरोबर होती आणि तरी तिला त्यातलं काहीच खरं वाटत नव्हतं.

खटकलं ते एक साधं वाक्य. जवळजवळ प्रत्येक बाळंतिणीचा फोन पहिल्याच दमात उचलला गेला, असं रागिणीने अभिमानाने लिहिलं होतं. महेजबीनने चष्मा काढून ठेवला. बाळंतिणीचा फोन? आपल्याकडे बाळंतीण म्हणजे डोक्याला घट्ट रुमाल, बाजेखाली शेगडी, आणि मोबाइलला हात लावला की आई, आजी, शेजारीण सगळ्यांचा एकच सूर, ‘डोळे जातील!’ हिंदूंचा सवा महिना असो की मुसलमानांचा चिल्ला, या एका बाबतीत दोन्ही घरांचं अगदी मेतकूट आहे. महेजबीनचा स्वतःचा चिल्ला अचलपूरला माहेरी झाला होता. ती तेव्हाही डॉक्टरच होती, तरी अम्मीने तिला चाळीस दिवस पुस्तकसुद्धा उघडू दिलं नव्हतं. मग या बायका बाजेवरून फोन घेतात तरी कशा?

ती अमरावतीला गेली. रागिणी तिच्या होस्टेलच्या दिवसांतली मैत्रीण. दारातच मिठी मारून म्हणाली, “महेज, तू परीक्षक आहेस म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. तुझ्यासारखं कसून कोण बघणार?”

फोनवर चौकशी करायला करिश्मा नावाची मुलगी नेमलेली होती. आवाज असा गोड, की ऐकणाऱ्याचं दुखणं अर्धं बरं व्हावं. “नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय. आपल्या पेशंटचं सगळं ठीक आहे ना? छान. धन्यवाद.” महेजबीनचा चहा संपेपर्यंत तिचे चार फोन उरकले होते. चारही वेळा पलीकडून पुरुषाचा आवाज आला होता.

“तू आत्ता कोणाशी बोललीस?” महेजबीनने विचारलं.

“पेशंटच्या घरी, मॅडम.”

“घरी म्हणजे कोणाशी?”

करिश्माने रागिणीकडे पाहिलं. रागिणी हसली. “अगं, भरती होताना जो नंबर देतात, तोच घरचा नंबर. तुला हवं तर तू स्वतः फोन करून बघ. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?”

महेजबीनने शेजारच्या खोलीत बसून फोन लावले. पहिले दोन नवऱ्यांचे निघाले. एक पुण्यात कंपनीत होता, दुसरा जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाजवळ उभा होता. दोघांनीही बायको छान असल्याचं सांगितलं, आणि दोघांनीही तिला बारशापासून पाहिलेलं नव्हतं. तिसरा फोन धामणगाव रेल्वेला लागला. उचलणारे खुशालराव, धान्याचे अडते. त्यांची सून शालू तीन आठवड्यांपूर्वी इथेच बाळंत झाली होती.

“काका, सूनबाईंचे टाके कसे आहेत?”

“ठीक हाय जी. एकदम ठीक.”

“तुम्ही पाहिलेत?”

पलीकडे पोती टाकल्याचे आवाज तेवढे ऐकू आले. मग खुशालराव जरा चढ्या आवाजात म्हणाले, “मी कसे पाहीन, मॅडम? मी सासरा हाय तिचा!”

“मग सासूबाईंनी पाहिले असतील?”

“ते तं इथंच हाय. सून तिवस्याले हाय, तिच्या मायजवळ. पयलं बाळंतपन माहेरीच असते ना जी.”

“मग आठव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला तेव्हा तुम्ही ठीक आहे म्हणून कसं सांगितलं?”

“त्याईनं इचारलं, सगळं ठीक हाय ना? मी म्हनलं, ठीक हाय. आता बाहेरच्या मानसाले घरचं रडगानं सांगाचं काय? अन् काई असतं तं ईवायाच्या घरून तिच्या मायनं कळवलंच असतं ना.”

महेजबीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती खुशालरावांवर काढता येईना, हीच मोठी पंचाईत. खुशालराव खोटं बोलले नव्हते. दारात आलेल्याला ‘बरं आहे’ म्हणायचं, ही चार माणसांतली रीत त्यांनी फोनवरही पाळली होती. करिश्मा खोटं बोलली नव्हती. रागिणीने आकडा जसा हातात आला तसा मांडला होता. खोटं कोणीच बोललं नव्हतं, आणि शून्य मात्र ठणठणीत तयार झालं होतं. बरं, कोणी परदेशातून आलेला शहाणा असता तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला इथली रीत काय माहीत. पण त्या दवाखान्यातल्या डॉक्टरपासून वॉर्डात झाडणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, आणि प्रत्येकीला ठाऊक, की त्या दिवसांत नवरा बाजेपाशी फिरकत नाही. तरी नंबर घेताना हात कोणाकडे पसरला? पुरुषाकडे. का, तर नंबर पुरुषाचाच असतो.

तिवसा तासाभराच्या वाटेवर. महेजबीनने खुशालरावांकडून घराचा पत्ता घेतला, ड्रायव्हरला गाडी नागपूरच्या रस्त्याला घ्यायला सांगितलं आणि रागिणीला काहीच बोलली नाही.

शालूची आई पार्वताबाई दारातच तूर निवडत बसली होती. ‘दवाखान्यातून आले’ एवढं ऐकताच तिने सूप बाजूला सारलं, आणि मग तिच्या तोंडाला जी धार लागली ती लागली.

“आता आल्या? आता? पोरीले घरी धाडलं तवा सांगतलं, टाके दाखवाले येऊ नका, आमीच फोन करतो. मी मोबाइल कमरेले खोसून बसली. आंग धुवाले गेली तरी संग नेला. आज येईन, उद्या येईन. फोन काई आला नाई. मंग मले वाटलं, पानी सुटते तं सुटत असन, नवे टाके असेच रायत असन. काई बिघडलं असतं तं दवाखान्यानं फोन नसता केला काय?”

महेजबीन तिथेच पायरीवर टेकली. दवाखाना म्हणत होता, तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक. पार्वताबाई म्हणत होती, फोन नाही म्हणजे सगळं ठीक. दोघांच्या मधे ही पोर पडली होती.

शालू बाजेवर पाय आखडून होती. वीस-बाविशीची, डोळे खोल गेलेले. महेजबीनने टाके पाहिले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एका बाजूने जखम उसवली होती, पू धरला होता. पू दिसल्यावर दोन दिवसांपासून गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं चालू होती, पण नुसत्या इंजेक्शनांनी भागण्यातलं ते नव्हतं. आत साफ करून पुन्हा शिवायला हवं होतं. महेजबीनने जखम धुतली, पट्टी केली आणि म्हणाली, “माझ्या गाडीत घाला तिला. आत्ता.”

“सासरच्याईले इचारल्याबिगर कसं नेऊ जी?” पार्वताबाईची धार एकदम बोथट झाली. “उद्या दुपारी ईवाई, तिचे सासरे, येऊन राहिले. ते हो म्हनले का लगेच नेऊ. उद्या काई वाकडं झालं तं नाव माह्यावर येईन ना, बाई.”

म्हणजे ज्याच्याकडे फोन, त्याच्याकडेच परवानगी. महेजबीन समजावून थकली, रागावून थकली. शेवटी औषध बदललं, ताप चढला तर कोणालाही न विचारता निघायचं असं पार्वताबाईकडून वदवून घेतलं, तिचा नंबर घेतला आणि परतली. वाटभर ती एकटीच तणतणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीत परीक्षकांची बैठक भरली. अध्यक्ष डॉक्टर गजेंद्र शहरातले जुने सर्जन, भला माणूस. कुठे भांडणाची चाहूल लागली की लगेच चहा मागवणारा. रागिणीने तिचा आलेख पडद्यावर दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग महेजबीन उठली आणि तिने तिवस्याला काय पाहिलं ते सांगितलं. कुणाचीही भीडभाड ठेवली नाही. पार्वताबाईचं नाव आणि नंबरही तिने रागिणीच्या समोर ठेवला.

गजेंद्रांनी चहा मागवला. “महेजबीन मॅडम, वाईट झालं. पण ही एक केस आहे. एका केसवरून सगळा प्रकल्प मोडीत काढायचा का?”

“सर, पाहिलेली केस एक आहे. बाकीच्या तर कोणी पाहिलेल्याच नाहीत.”

रागिणीचा चेहरा लाल झाला होता. “तुला माझ्या बायका माहीत नाहीत, महेज. ओल्या टाक्यांनी एसटीत उभ्या राहून यायच्या त्या. एकीला स्टँडवरच भोवळ आली, कडेवरचं पोर खाली पडता पडता वाचलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांचा हेलपाटा वाचावा म्हणून केलं मी हे, बक्षिसासाठी नाही.”

हे अक्षरशः खरं होतं. म्हणून तर महेजबीनला जास्त संताप येत होता. वाईट माणसाने केलेली चूक पकडायला सोपी असते.

“आणि बाईलाच विचारायचं ना?” रागिणीने फोन उचलला. “विचारू या तिलाच. सगळ्यांसमोर.” तिने पार्वताबाईचा नंबर लावला, शालूला द्यायला सांगितलं आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. “शालू, मी डॉक्टर रागिणी बोलतेय गं. कशी आहेस?”

“ठीक हाय, मॅडम,” पलीकडून बारीक आवाज आला.

“बाळ कसं आहे?”

“तेबी ठीक हाय, मॅडम.”

खोलीत खुर्च्या सैल झाल्या. कोणीतरी हसलंसुद्धा. गजेंद्रांनी दोन्ही हात पसरून महेजबीनकडे असं पाहिलं, की झालं ना आता तुमचं समाधान. कालची ती जखम तिने स्वतः धुतली होती, आणि तीच पोर आज ‘ठीक हाय’ म्हणत होती. मग तिने पुढे वाकून फोन आपल्याकडे ओढला.

“शालू, काल आलेली मॅडम बोलतेय. बाळाला आंघोळ कोण घालतं?”

“आई.”

“उचलून कोण घेतं?”

“आईच.”

“तू काहून नाही घेत?”

“उठताच येत नाही ना जी. वाकली का टाक्यातून पानी येते. काल तुमी पाह्यलं ना.”

गजेंद्रांनी पसरलेले हात खाली घेतले.

“मग आत्ता मोठ्या मॅडमना ठीक हाय काहून म्हणालीस?”

“त्याईनं इतक्या मायेनं इचारलं, कशी हायेस म्हून. एवढ्या मोठ्या डॉक्टर. आता त्याईले तोंडावर कसं सांगू, का तुमचे टाके उसवले म्हून?”

फोन बंद झाला. गजेंद्रांनी घसा साफ केला. “असं करू या. रागिणी मॅडमची मेहनत मोठी आहे. पहिला क्रमांक राहू द्या. फक्त शून्याच्या जागी ‘जवळपास शून्य’ असं लिहू.”

“जवळपास?” महेजबीनचा आवाज असा चढला, की दारातून चहावाला मागे फिरला. “कशाच्या जवळ, सर? एकीच्या तरी आपण जवळ गेलो होतो का? सासऱ्याला विचारून सुनेची जखम मोजली आपण! बाई आहे तिवस्याला, फोन वाजतोय धामणगावला, आणि आलेख उतरतोय अमरावतीत. उंटावरून शेळ्या हाकणारासुद्धा निदान शेळ्यांकडे बघतो तरी. आणि एक तारखेपासून हेच सगळ्या दवाखान्यांत चालू करणार तुम्ही? आठव्या दिवशी जी एकदा जखम डोळ्यांखालून जाते, तीही बंद?”

“मग काय लिहायचं म्हणता?”

“‘माहीत नाही’ असं लिहा.”

“‘माहीत नाही’ला कोणी बक्षीस देत नाही, महेज,” रागिणी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. ती पडद्याकडे पाहत होती. मग तिने उठून लॅपटॉपची वायर काढली, आणि भिंतीवरची ती सुरेख रेघ गेली. “सर, मी प्रकल्प मागे घेते.”

“अहो पण परिपत्रक तयार आहे. सगळीकडे जायचंय.”

“माझ्या आकड्यांवर तयार केलंय ना? आकडे चुकीचे आहेत असं मी लेखी देते. माझ्या सहीनिशी. आठवा दिवस बंद होणार नाही.” मग महेजबीनकडे न पाहताच तिने विचारलं, “तिवस्याला रुग्णवाहिका किती वेळात पोचेल?”

दोघी पोचल्या तेव्हा खुशालराव नुकतेच येऊन ओसरीवर पाणी पीत होते. पार्वताबाईने रागिणीला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. रागिणीने ते सगळं उभ्याने ऐकलं, एकदाही ‘पण’ म्हटलं नाही. मग आत जाऊन तिने जखम पाहिली, आपणच घातलेले टाके उसवलेले पाहिले, आणि शालूच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. खुशालराव दाराबाहेरून म्हणाले, “नेऊन टाका, मॅडम. मले काय मालूम होतं? मले कोनी सांगतलंच नाही.” तेही खरंच होतं.

परतीच्या वाटेवर मोझरी मागे पडली. गाडीत शालू आडवी, पार्वताबाईच्या मांडीवर बाळ, बाकड्यावर रागिणी आणि महेजबीन, पुढे ड्रायव्हरशेजारी खुशालराव. महेजबीनचा राग अजून उतरला नव्हता. आज एक शालू सापडली. वर्षभरातल्या बाकीच्या कुठल्या गावात, कुठल्या बाजेवर पाय आखडून पडल्या होत्या, आणि त्यांचे सासरे, नवरे, दीर फोनवर काय सांगत होते, कोणाला ठाऊक.

तेवढ्यात खुशालरावांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, मान वळवून रागिणीकडे पाहिलं.

“मॅडम, तुमच्याच दवाखान्यातून हाय. काय सांगू?”

रागिणीने हात पुढे केला आणि फोन घेतला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय,” करिश्मा म्हणाली. “आपल्या पेशंटचं सगळं ठीक आहे ना?”

“नाही,” रागिणी म्हणाली. “काहीही ठीक नाही.”

गाडीच्या खडखडाटात करिश्माने आवाज ओळखला नव्हता. मग ती तितक्याच गोडीने म्हणाली, “ताई, घरातलं कोणी मोठं माणूस आहे का तिथे? जरा त्यांच्याकडे फोन देता?”